हमी न देणाऱ्या कुंदाताई

नवीन पनवेलच्या ग्रंथालयातल्या बाईंनी मला कुंदाताई नाबर यांचा पत्ता दिला, तो माझ्या प्रश्नांना कंटाळून. जाहिरात-लेखन, म्हणजे ज्याला सगळे कॉपीरायटिंग म्हणतात ते, शिकायला कुठलं पुस्तक घ्यावं, असं मी त्यांना इतक्यांदा विचारलं होतं की एका दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, इथून दोन गल्ल्या सोडून एक बाई राहतात. मुंबईत जन्मभर जाहिरातीच लिहिल्यात त्यांनी. त्यांना विचारा आणि मला सोडा." मी त्याच पावली गेले. दार ताईंनीच उघडलं. हातात लसणाची वाटी होती. मी कोण, कशाला आले हे दारातच विचारून घेतलं आणि आत बसवून निम्मा लसूण माझ्यापुढे ठेवला.

सोलता सोलता मी माझी हकीकत सांगितली. मी इथून जवळच्या जासई गावची, घरतांची. आमची शेती आणि मिठागरं होती. आता त्या जागेवर कंटेनरची यार्डं आहेत आणि भावाचे ट्रेलर तिथून ये-जा करतात. बी.कॉम. झाल्यावर मी भावाच्या ऑफिसात बिलं करायला बसायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं. मला मात्र लिहायचं होतं. वडिलांशी बरंच भांडून मी दोन वर्षांची मुदत मिळवली होती. तेवढ्यात लिहिण्याची कायम नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर मुकाट्याने भावाचं ऑफिस.

"म्हणून हा कोर्स लावावा म्हणते," असं सांगून मी फोन पुढे केला. ताईंनी चष्मा लावला आणि कोर्सची जाहिरात मलाच मोठ्याने वाचायला लावली. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता खरं सांगा, कुठल्या वाक्याला तुम्ही विरघळलात?" मी म्हटलं, 'प्रवेश फक्त आज रात्रीपर्यंत' याला. "छान. म्हणजे पहिला धडा त्यांनी तुम्हाला फुकटात दिला. आता उद्या सकाळी परत बघा, दार खरंच बंद झालंय का." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं. प्रवेश पुन्हा फक्त आज रात्रीपर्यंतच होता. मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला.

तेव्हापासून रविवारी सकाळी ताईंच्या दिवाणखान्यात लिहिणं शिकायला जमणाऱ्या मंडळींत मी सामील झाले. ताईंची नोकरी मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीत टायपिस्ट म्हणून सुरू झाली होती. दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर टाइप करताना त्या न विचारता एखादा शब्द गाळायच्या. पुढे साहेबांच्या लक्षात आलं की टाइप होऊन आलेला मजकूर दिलेल्यापेक्षा बरा असतो. हा किस्सा त्या स्वतः सांगत नाहीत. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडून तो कळला. ताईंना विचारलं तर म्हणतात, "टायपिंगचा कंटाळा हो, दुसरं काय!"

त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याचा प्रश्न एकच असतो: कोर्स कुठला आणि पुस्तक कुठलं? ताई कोर्सच्या विरोधात आहेत असा काहींचा समज आहे, तो चुकीचा आहे. आमच्यातल्या एकाला त्यांनी आग्रह करकरून कोर्सला घातलं, कारण तिथले शिक्षक प्रत्येकाचा मजकूर वाचून, खुणा करून परत देत. ताई म्हणतात, "तुम्ही लिहिलेलं कोणी माणूस वाचणार आहे का, एवढंच विचारा. नुसतंच बघत बसायचं असेल तर क्रिकेट बघा, त्यात निदान शेवटी कोणीतरी जिंकतं." पुस्तकांच्या बाबतीत त्या याहून कडक. एका वेळी एकच पुस्तक, आणि त्यातलं काहीतरी करून पाहिल्याशिवाय पुढचं मिळत नाही. माझ्यासारखी पुस्तकं नुसती जमवणारी माणसं या नियमाने फार हैराण होतात.

मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पैदा केलं होतं. त्यात हिरवळ कापायच्या यंत्राची एक गाजलेली जाहिरात होती, तिचं मी भारावून जाऊन मराठी केलं आणि ताईंना दाखवलं. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "घरत, या सेक्टरमध्ये हिरवळ कोणाकडे आहे हो?" (ताई सगळ्यांना आडनावानेच हाक मारतात आणि वय काहीही असो, अहो-जाहो करतात.) "पुस्तक चांगलं आहे. पण त्या लेखकाने हे लिहिण्याआधी काय केलं असेल ते करा. आमच्याकडे जाळ्या बसवायला येतो त्याला भेटा."

खिडक्यांना मच्छरजाळ्या बसवणाऱ्या त्या माणसाला पत्रक हवं होतं. मी एका बैठकीत लिहून नेलं: 'डासांना करा बाय बाय!' ताईंनी शांतपणे विचारलं, "डास वाचणार आहेत का हे?" सगळे हसले, मी कानापर्यंत लाल झाले. मग मी दोन-तीन दिवस त्या माणसाबरोबर घरोघरी हिंडले. दिवेलागणीला इथे सगळ्या खिडक्या धडाधड लागतात आणि माणसं पंख्याखाली उकडत बसतात, हे मी रोज पाहत होते, पण लिहिताना आठवलं नव्हतं. नवं पत्रक एका ओळीचं झालं: 'संध्याकाळी खिडकी उघडी ठेवा.' खाली 'मच्छरजाळ्या' आणि फोन नंबर. ताई ते वाचून आत गेल्या आणि माझ्यासाठी आमसुलाचं सरबत घेऊन आल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

त्यांच्या तत्त्वांविषयी एकच प्रसंग सांगते. आपटा गावाकडच्या प्लॉटची जाहिरात लिहायला एक बिल्डर आले. 'नदीकाठी' हा शब्द त्यांना हवाच होता. ताई भर उन्हाच्या प्लॉटवर गेल्या, तिथून पाताळगंगेपर्यंत पायी चालल्या आणि लिहिलं, 'नदी चालत जाण्याइतकी जवळ.' बिल्डर नाराज झाले. म्हणाले, काठ म्हटला तर काय बिघडतं? ताई म्हणाल्या, "मी चालून आलेय. काठावर असता तर चप्पल एवढी झिजली नसती." ते काम गेलं. ताईंनी त्याची हळहळ केल्याचं आम्ही पाहिलं नाही.

माझ्या मुदतीतलं दीड वर्ष सरलं तेव्हा मला ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या एका कंपनीत करारावर काम मिळालं. लिहिण्याचंच काम, पण कायम नव्हतं. कंपनीने जाहिरात-लेखनाचाच कोर्स काढला आणि माझ्या साहेबांना कुठूनतरी कळलं की मी कुंदाताई नाबरांची विद्यार्थिनी. त्यांनी सरळ सांगितलं, जाहिरातीत बाईंचं नाव आण, तुला कायम करतो. नाहीतर करार संपला की संपला. मजकूर मीच लिहायचा होता. मी लिहिला: 'कुंदाताई नाबर म्हणतात, हा कोर्स करा, नोकरी पक्की!'

तो कागद घेऊन मी ताईंकडे गेले. मुदत संपायला महिनाच उरला होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मजकूर सावकाश वाचला.

"वाक्य चांगलं बांधलंय, घरत. नोकरी पक्की होते, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मला ठाऊक आहे?"

"नाही, ताई."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "तरी तुम्ही म्हणत असाल तर घाला माझं नाव. या वयात ते जपून मी कुठे नेणार आहे? तुमची नोकरी मोठी."

त्यांनी नकार दिला असता तर मी रडले असते, भांडले असते आणि मोकळी झाले असते. ज्या बाईंनी एका शब्दासाठी बिल्डरचं काम सोडलं, त्या माझ्यासाठी आपलं नाव खोट्या वाक्याखाली ठेवायला तयार होत्या. मला ते सहन होईना. मी कागद परत घेतला आणि घरी आले. साहेबांना नाही म्हणून कळवलं. महिन्याअखेरीला करार संपला आणि भावाने ऑफिसात माझ्यासाठी खुर्चीही आणून ठेवली.

त्याच आठवड्यात एका सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली आणि ताई उतरल्या. तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. रस्त्यावरच्या ट्रेलरच्या धुळीने त्यांची पांढरी साडी मळली होती. मी त्यांना बोलावलं नव्हतं आणि काही सांगितलंही नव्हतं; रविवारी मी गेले नाही, त्यावरूनच त्यांनी ओळखलं असावं. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी लगबगीने खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताय, तुमी कशाला तरास घेतला? आता पोर हापिसात बसनार. ठरलंय आमचं."

"तेच सांगायला आले," ताई म्हणाल्या. "तिची नोकरी माझ्यामुळे गेली. मला तिला आणखी वर्षभर माझ्याजवळ बसवून घ्यायचं आहे. तुमची परवानगी हवी."

"वर्साने नोकरी मिलल?"

मी दाराआडून ऐकत होते. मनात म्हणत होते, ताई, एवढं एकदाच हो म्हणा. आमच्या घरात त्या एका शब्दाने काम झालं असतं.

"ते मी सांगू शकत नाही," ताई म्हणाल्या. "तिचा हात चांगला आहे आणि ती कष्ट करते, एवढं मला माहीत आहे. काम मिळेल की नाही, मला माहीत नाही."

वडील उठून ओट्याच्या कडेला गेले. मला वाटलं, संपलं. मग ते बोलले, "ताय, जमिनीपायी या ओट्यावर लय मानसं येऊन गेली. कोन बोलला चार पिढ्या बसून खाशाल, कोन बोलला घराटी एक नोकरी. मला नाय माईत असं बोलनारं मानूस आज पयल्यांदा आलं." आणि मला हाक मारली, "ए पोरी, च्या ठेव. उद्यापासून ताईंकडं जा."

पुढचं थोडक्यात सांगते. त्या वर्षात मला नोकरी मिळाली नाही. ताईंकडे बसून मी पनवेलमधल्या दुकानांची, दवाखान्यांची, डेअऱ्यांची कामं करू लागले आणि आज त्यावर माझं नीट चालतं. भावाच्या ऑफिसची पाटीही मीच लिहिली, त्याने ती आधी दोनदा नापसंत केली. रविवारी नवीन मुलं येतात, त्यांचं पहिलं वाचन आता ताई माझ्याकडे देतात. त्यांचे डोळे हल्ली लवकर दमतात. तरी माझ्याकडून एखादी खूण करायची राहिली, तर ती त्यांना बरोबर दिसते. माझं त्यांच्यावर किती प्रेम आहे हे मी त्यांच्यासमोर कधी बोललेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त दीर्घ आणि निरोगी आयुष्याच्या शुभेच्छा द्यायच्या, तर त्या कशा लिहाव्यात या विचारात मी परवा कागद घेऊन बसले होते. वडिलांना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? ते म्हणाले, "लिव, म्हनावं तब्बेत सांभाला. गावात अजून लय पोरी हायत."