गुरुजींनी सांगायचं राहिलेलं प्रकरण

आधीच सांगतो... असल्या सदरातले अनुभव मी वाचतो ते बहुतेक हसायला. अमावस्या, पिंपळ, मागून येणारी पैंजणं — माझा कशावरही विश्वास नाही. कॉलेजात असताना ‘भूत दाखवा, आम्ही चहा पाजतो’ असा फलक घेऊन इस्लामपुरात फिरलेला माणूस आहे मी. त्यामुळे हे मी लिहिलंय असं कळलं तर मित्र वर्षभर पिळतील. पिळू देत. फार वर्षं पोटात ठेवलंय, आता बाहेर निघालेलं बरं.

नव्याण्णव सालचा उन्हाळा. इस्लामपुरात एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, सायकलच्या दुकानाच्या वर आमचं डीटीपी सेंटर होतं. दोन खोल्या, एक लेझर प्रिंटर, आणि मालकांनी मुंबईच्या कुठल्याशा एजन्सीकडून जुना उचललेला ॲपलचा पॉवर मॅक संगणक. लग्नपत्रिका, कारखान्याचे अहवाल, श्रद्धांजलीची पत्रकं... सगळं त्याच्यावर. ऑपरेटर एकटा मी. मालकांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना मशीन चालू-बंद करण्यापलीकडे काही येत नव्हतं. मराठी कीबोर्डवर बोटं फिरायची ती फक्त माझी. हे लक्षात राहू द्या.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. फॉन्ट काढला की खाली नुसता कचरा — इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. पण सात वर्षं तेच बडवल्यावर मला तो कचरा सरळ वाचता यायला लागला होता. मित्रांना गंमत म्हणून वाचून दाखवायचो. त्या विद्येचा उपयोग होईल असं काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी जानेवारीपासून एक गुरुजी आमच्याकडे यायचे. वडूजकडचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. बायको गेल्यावर इस्लामपुरात पुतण्याच्या शेजारी खोली घेऊन एकटेच राहत. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली, म्हणून आत्मचरित्र तोंडी सांगायचे आणि मी थेट मशीनवर टाइप करायचो. कागदावर एक ओळ नाही. दर गुरुवारी दुपारी तीनला जिना चढताना काठीचा आवाज यायचा.

सांगायची पद्धत अस्सल मास्तरी. वर्गात शुद्धलेखन घालावं तसं. “माझ्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला पूर्णविराम. त्या दिवशी आईने घरातली एकेक खोली सारवून काढली स्वल्पविराम...” मग मध्येच, “घेतलंस का रं गड्या? हां. नवा परिच्छेद.” मी म्हणायचो, गुरुजी, ती चिन्हं मला कळतात, सांगू नका. ते म्हणायचे, “तुला कळत्यात रं, पर मला सवय हाय.” चाळीस वर्षांची सवय, सुटते कुठली.

बालपण झालं, एकशिक्षकी शाळा झाल्या, दुष्काळ झाला, बायकोचं आजारपण झालं. एकदा मी सहज विचारलं, “लेकरंबाळं काय, गुरुजी?”

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, “एक लेक हाय. आटपाडीला दिलीया.” आणि लगेच दुरुस्ती केली, “दिली न्हाई. तिची ती गेली.”

शालन तिचं नाव. आटपाडीकडच्या एका मेंढपाळ घरातल्या मुलाशी तिने रजिस्टर लग्न केलं होतं, गुरुजींना न विचारता. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद. “शेवटचं प्रकरण तिचंच,” गुरुजी म्हणाले. “पुढल्या गुरुवारी घिऊ. ते जरा जड हाय.” पुढच्या गुरुवारी दुसरंच काहीतरी सांगत बसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मी पण खोदून विचारलं नाही.

आता माझा गाढवपणा. मला पुण्याला नोकरी पाहिजे होती आणि तिकडे लिनक्स ही संगणक चालवणारी फुकटातली प्रणाली येणाऱ्याला विचारत होते. मावसभावाने मॅकवर चालणाऱ्या लिनक्सची सीडी दिली. दादांचं काम तर मॅकवरच चालणार, म्हणजे एका डिस्कवर दोन्ही बसवायचे — एका घरात दोन चुली. त्यासाठी डिस्कचे भाग पाडावे लागतात, आणि भाग पाडले की आधीचं सगळं पुसतं. म्हणून एका रविवारी दुकान बंद असताना दादांकडून किल्ली आणून मी सगळं झिप डिस्कवर, म्हणजे बाहेरून लावायच्या जाड फ्लॉपीवर, कॉपी केलं, डिस्क पुसली, भाग पाडले, अर्ध्यात मॅक परत टाकला, अर्ध्यात लिनक्स. मशीन सुरू केलं की आता विचारायचं, कुठे जायचं बोला. लिनक्स म्हटलं की काळा पडदा, कोपऱ्यात लिनक्सचं चिन्ह असलेला पेंग्विन, आणि खाली ओळींचा धबधबा.

सोमवारी दादांनी पेंग्विन पाहिला. “ह्यो पक्षी काय काम करतोय?” म्हणाले. मी सांगितलं, अजून शिकतोय. “मग तू आन तो दोगंबी शिका, पर कारखान्याचा अहवाल उद्या पायजे.” अहवाल झिपवरून नीट परत आला. मी खुशीत होतो.

त्या गुरुवारी गुरुजी आले नाहीत.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई जिना चढून आल्या. तिशीच्या पुढच्या, हातात कापडी पिशवी, चेहरा रात्रभर जागलेला. “तुमच्याकडंच आबा लिवून घेत हुते न्हवं?” म्हणाल्या. “मी शालन.” बुधवारी गुरुजींना झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुतण्याने आटपाडीला निरोप धाडला आणि शालनताई विट्यामार्गे मिळेल त्या गाडीने आल्या.

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या पाणी हातातच धरून बसल्या.

“डागदर म्हनत्यात, बोलनं परत यायचं न्हाई. मला येकच इचारायचं हाय,” त्या म्हणाल्या. “त्यात माझं काय हाय का? शिव्या असल्या तरी चालतील. नाव तरी घेतलंय का, तेवडं सांगा.”

चारेकशे वेळा तरी मी त्या फाइलवरून नजर फिरवली होती. त्यात बैलाचं नाव होतं, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाचं नाव होतं. लेकीचं नव्हतं. पण त्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. “असणारच की ताई,” मी म्हणालो. “प्रिंट काढून ठेवतो. सोमवारी देतो.” त्या गेल्या आणि मी झिप लावली.

गुरुजींचं फोल्डर उघडेना. मॅक म्हणाला, मूळ वस्तू सापडत नाही. आणि मला दरदरून घाम फुटला. रोज लागतं म्हणून मी त्या फोल्डरचं एक उपनाव डेस्कटॉपवर ठेवलं होतं — ॲलियस, म्हणजे मूळ ठिकाणाकडे बोट दाखवणारी नुसती पाटी. रविवारी घाईघाईत मी ती पाटी कॉपी केली होती. घर पाडून टाकलं आणि पाटी सांभाळून ठेवली. माणसाची वाचा गेलेली, कागदावर ओळ नाही, आणि चार महिन्यांचं बोलणं मी माझ्या हाताने पुसलेलं. दादांना सांगितलं तर ते नुसते बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. ते शिव्या देते तर बरं झालं असतं.

एक कबूल करतो. त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं, आपणच चार ओळी लिहाव्यात लेकीबद्दल. गुरुजींची भाषा मला पाठ होती. पण लिहिल्या नाहीत. कीबोर्डला हात लावायची लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी डोकं जरा ठिकाणावर आलं. डिस्क पुसली म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडली, पानं बरीचशी जागेवरच असतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मॅकवरून ती पानं दिसायची नाहीत. पण लिनक्समध्ये डिस्कवर जे काय उघडंवाघडं पडलंय ते सरळ पडद्यावर ओतायची सोय आहे. ओतलं. कचराच कचरा. दुपारी दोनपर्यंत मी तो कचरा वाचत बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आणि अचानक एक ओळ वाचता आली — ‘त्या दिवशी आईने घरातली एकेक खोली सारवून काढली’.

मी दादांना हाक मारली. ते पळत आले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “ह्यात काय हाय रं? तुला बरं वाटतंय न्हवं?” मी वाचून दाखवलं. दादांनी तिथेच खाली बसकण मारली.

इथपर्यंत काही चमत्कार नाही. मला हे सगळं समजावून सांगता येतं. मी एकेक तुकडा लिनक्सच्या बाजूला साठवत गेलो. बायकोच्या आजारपणापर्यंत आलो. मी टाइप केलेली शेवटची ओळ कुठली, ते मला पक्कं माहीत होतं. ती आली.

आणि तिच्या खाली मजकूर पुढे चालू होता.

मी तो बोट ठेवून वाचला. जसाच्या तसा देतो, कारण त्याची एक प्रिंट माझ्याकडे आहे.

‘आता शालू पूर्णविराम आयुष्यभर मी वर्गात समता शिकवली पूर्णविराम लेकीने ती घरात करून दाखवली तेव्हा मी दार लावून घेतलं पूर्णविराम तिने कुणाशी लग्न केलं याचा राग नव्हता स्वल्पविराम मला विचारलं नाही याचा होता पूर्णविराम नवा परिच्छेद चार वर्षांमागे जूनमध्ये मी आटपाडीला गेलो पूर्णविराम स्टँडसमोर चहाच्या टपरीत बसलो पूर्णविराम ती पोराला शाळेत घालायला चालली होती पूर्णविराम मी एकदाच हाक मारली पूर्णविराम ती वळली पूर्णविराम मी एसटीच्या मागे झालो पूर्णविराम’

चिन्हं नाहीत, चिन्हांची नावं आहेत. सांगितली तशी. मी जन्मात कधी ‘पूर्णविराम’ असा शब्द टाइप केला नव्हता, टिंब द्यायचो. आणि हे प्रकरण गुरुजींनी मला सांगितलंच नव्हतं. दुकानाची किल्ली दादांकडे. दादांना मराठी टाइप येत नाही. गुरुजींना कीबोर्ड दिसत नव्हता. मी दादांना खोदूनखोदून विचारलं, माझ्या माघारी कुणी बसलं होतं का मशीनवर. “कोन बसतंय, बाबा. तू सोडून त्याला हात लावायची हिंमत हाय का कुनाची?”

आमचा एक हुशार मित्र म्हणतो, तूच टाइप केलंस, टेन्शनमध्ये विसरलास. बरं, मी विसरलो. मग रविवारी पुसलेल्या डिस्कवर, मागच्या मजकुराला लागून, मी शुक्रवारी कसं टाइप करणार? यावर तो चहा मागवतो आणि विषय बदलतो.

मजकूर मॅकच्या बाजूला आणला, फॉन्ट चढवला, प्रिंट काढली. त्या पूर्णविरामांच्या जागी टिंबं घालायला गेलो आणि नाही घातली. सोमवारपर्यंत थांबवेना म्हणून रविवारी सकाळीच दवाखान्यात गेलो.

गुरुजी छताकडे बघत पडले होते. ओठ एका बाजूला ओढलेले. शालनताई उशाशी. मी कागद त्यांच्या हातात दिले आणि म्हणालो, “शेवटचं पान बघा.” त्या वाचायला लागल्या, आधी मनात, मग गुरुजींना ऐकू जावं म्हणून मोठ्याने. ‘मी एकदाच हाक मारली’ इथे आल्या आणि थांबल्या.

“ही हाक मला ऐकू आलीवती,” माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. “शालू म्हनून. आबांचाच आवाज. मी वळून बगितलं तर कोन न्हाई. घरी येऊन आमच्या मालकांना सांगितलं. ते म्हनले, भास हाय, मनात आबा हायती म्हनून व्हतंय. दुसऱ्या कुनाला मी ह्ये बोलली न्हाई.”

माझ्या अंगावर काटा आला, तो आता लिहितानाही येतोय.

त्या गुरुजींवर वाकल्या. “आबा, तुमीच हुता व्हय?”

गुरुजींचा डावा हात हलत होता. तो चाचपडत लेकीच्या मनगटापर्यंत आला आणि घट्ट आवळला. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. तोंडातून आवाज नाही, पण ओठ पुनःपुन्हा एकाच आकाराचे होत होते. काय म्हणतायत ते मलाही कळलं.

“मी वळले तवा थांबायचं न्हवतं का वो?” शालनताई म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसून त्या कानाशी गेल्या आणि शाळेतल्या पोरीसारखं स्पष्ट म्हणाल्या, “ओ, आबा. ओ.”

मी बाहेर आलो. दारात त्या मागून आल्या आणि विचारलं, “आबांनी ह्ये कवा सांगितलं तुमाला?” मी खोटं बोलू शकलो असतो. पण म्हणालो, “ताई, मला नाही सांगितलं. हे मी लिहिलेलं नाही.” त्यांनी मान हलवली आणि त्या आत निघून गेल्या. पुन्हा कधी त्यांनी तो प्रश्न काढला नाही.

गुरुजी त्यानंतर सतरा दिवस होते. शालनताई सतराही दिवस तिथेच होत्या. पोरगंही आलं, नवराही आला. मला पुण्याला नोकरी लागली, आणि आज मी लिनक्सवरच पोट भरतो. डिस्कवरचा पुसलेला मजकूर कसा परत आणायचा, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. पुसलेलं परत कसं येतं ते त्यांना नीट समजावून सांगतो. न लिहिलेलं कसं आलं, ते मला अजून कळलेलं नाही.