आतोबा माणसं मागायला निघतात

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात कुणाकडे काही सरळ मागितल्याचं कुणी दाखवून दिलं, तर मी माझं नाव बदलून घेईन. जेवताना मीठ हवं असलं तरी हा गृहस्थ आधी भाजीचं कौतुक करायचा, मग आपल्या आईच्या हातची भाजी आठवायचा, मग पूर्वी मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून कसं यायचं ते सांगायचा, आणि तो घाट चढून होईपर्यंत आत्यानं मिठाचं भांडं त्यांच्या ताटाशी आपटलेलं असायचं. शेजाऱ्याचा बैल एका दिवसापुरता हवा असला तर ते त्या शेजाऱ्याच्या आजोबांपासून सुरुवात करत. एकदा तर आजोबांच्या आठवणीनं त्या शेजाऱ्याला रडूच कोसळलं. आतोबा त्याची समजूत घालून, डोळे पुसून, बैल न मागताच परत आले. पेरणी दोन दिवस लांबली, पण आतोबांना त्याचं काही नव्हतं. माणूस दुखावला नाही ना, मग झालं.

आत्याला मागणी घालायलासुद्धा ते आमच्या घरी गाय बघायला म्हणून आले होते. गाय बघितली, दात मोजले, कास बघितली, चहा प्यायले आणि गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गाय. असं चार-पाचदा झाल्यावर माझे आजोबा वैतागले. म्हणाले, "पाव्हनं, गाय इकायची न्हाई. पोरगी द्यायची हाय. काय ते बोला." त्यावर आतोबा मान खाली घालून म्हणाले, "गाय मातूर लई गुनाची हाय." आजोबा शहाणे. त्यांनी त्याचाच होकार धरला आणि लग्नात मुलीबरोबर गायही देऊन टाकली. आत्या ही गोष्ट सांगताना म्हणायची, "मला यांनी कधी मागितलंच नाही गं, मी गायीबरोबर आले." आणि हे म्हणताना ती जी हसायची, त्यावरून तिची काही तक्रार नसावी.

आतोबांचे थोरले बंधू, ज्यांना सगळं गाव दादा म्हणे, ते याच्या नेमके उलटे. एक घाव दोन तुकडे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा दादांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुला काय पायजे ते माग." आतोबांना वडिलांची घोडी हवी होती. लहानपणी तिच्या पाठीवर बसून ते नदीत उतरले होते. पण तोंडातून निघालं काय, तर "तुमी द्याल ते सोनं." दादांनी खरोखरच सोनं दिलं. गावालगतचं काळं रान दिलं, बारमाही विहीर दिली, स्वतःकडे नदीकाठची वाडी ठेवली, आणि घोडी आता थकली म्हणून नेवाशाच्या बाजारात विकून टाकली. त्या दिवसापासून आतोबांनी भावाशी बोलणं टाकलं. का टाकलं हे दादांना कितीतरी वर्षं कळलंच नाही. विचारायला जावं तर आतोबा तोंड फिरवणार. शेवटी कुणाकडून तरी कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले म्हणे, "येक शबुद बोलला असता तर दारात आनून बांधली असती." दोघांच्या रानांमध्ये एक बांध होता, बाभळी उगवलेला. त्या बांधाच्या अलीकडे आतोबा आणि पलीकडे दादा, अशी ती वर्षं गेली.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या गावाखालून गोदावरी वाहते आणि तेव्हा पलीकडच्या काठाला निजामाचं राज्य होतं. स्वातंत्र्य आमच्या वाळवंटापर्यंत येऊन थांबलं होतं. पलीकडून रझाकारांच्या बातम्या यायच्या, बोचकी घेतलेली माणसं यायची, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की नदीला एक उतार पडायचा, तिथून गुडघाभर पाण्यातून कुणीही इकडे येऊ शकत होतं. तो उतार राखायला हवा होता. गावात एक जमादार होते, मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, मशिदीशेजारी राहणारे. त्यांनी मारुतीच्या देवळात हिशेब मांडला की एका गावाच्या जिवावर रोज रात्रीची गस्त होणार नाही, वरच्या-खालच्या चार गावांनी माणसं द्यायला हवीत. कवायत मी घेतो, म्हणाले, पण माणसं मागून कुणी तरी आणा. आणि गावानं एकमतानं आतोबांचं नाव घेतलं. ज्याला मीठ मागता येत नाही त्याला फौज मागायला धाडायचं, हे आमच्याच गावाला सुचू जाणे. कारण मात्र खरं होतं. चारी गावांत ज्याच्याशी कुणाचंच वाकडं नाही असा तेवढा एकच माणूस होता.

मी तेव्हा सातवीची फायनल पास होऊन, लग्न जमेपर्यंत म्हणून, आत्याकडे राहायला आले होते. आतोबांनी मोहिमेवर निघताना छकड्यात आत्याला बसवलं आणि शेजारी मला. नुसती माणसं मागायला कसं जायचं, हा त्यांचा प्रश्न. त्यापेक्षा भाचीसाठी स्थळ बघायला आलो म्हणावं, चहापाणी व्हावं, आणि मग हळूच विषय काढावा. त्यामुळे मला त्या उन्हाळ्यात चार गावांनी बघितलं, आणि मीही चार गावांतले सगळे धडधाकट तरुण बघितले. आतोबा मुलाचं शिक्षण, शेती यातलं काही विचारायचेच नाहीत. जागरण सोसतं का, पोहता येतं का, गोफण कुठवर जाते, अंधारात दिसतं का, असं विचारायचे, आणि मग खुशीत येऊन म्हणायचे की असे गावात आणखी किती आहेत. एका घरची म्हातारी हे सगळं दाराआडून ऐकत होती. तिनं शेवटी बाहेर येऊन विचारलं, "अवो पाव्हनं, येका पोरीला किती नवरं बघताय?" परतताना आत्या अख्खा रस्ता आतोबांशी बोलली नाही. मीही रुसले होते, पण गाडीवाटेवर कुठे तरी मला जे हसू फुटलं ते घरी पोचेपर्यंत आवरेना.

माणसं मात्र मिळेनात. एक गाव म्हणालं, देतो, पण शेजारच्या गावाच्या पंगतीला आमची माणसं बसणार नाहीत, कारण यात्रेतल्या एका कुस्तीचा निकाल त्यांना अजून मान्य नव्हता. दुसरं म्हणालं, पेरण्या होऊ द्या. तिसऱ्यानं एक हलगीवाला तात्काळ कबूल केला आणि माणसांचं नंतर बघू म्हणालं. चौथं म्हणालं, आधी तिसऱ्याची माणसं दाखवा. आतोबा हिरमुसून बसले की जमादार त्यांची समजूत घालायचे. "पाटील, त्या लढाईत गोऱ्यांचंबी असंच हुतं. ह्यो म्हनायचा, येतो पन सायब माझा वर पायजे. त्यो म्हनायचा, आधी ह्याला फुडं होऊ द्या. तरी लढाई झालीच की." मग आतोबा पुन्हा छकडा जुंपायचे. गावोगावच्या लोकांनी आमच्या ओसरीवर येऊन किती चहा ढोसला आणि किती भाकरी मोडल्या ते आत्याला विचारावं. तिचं म्हणणं, राजकारण करतात हे आणि चुलीपुढं बसते मी. पण एक खरं, आतोबांच्या त्या गोलगोल बोलण्यात माणूस विरघळायचा. कुस्तीवाल्या दोन्ही गावांचे म्हातारे त्यांनी एका घोंगडीवर बसवले, कुस्तीचं नावही न काढता दिवसभर पावसाच्या गप्पा मारल्या, आणि उठताना दोघे एकमेकांना तंबाखू देत होते.

नदीला पाणी आलं आणि पावसाळाभर तिनंच आमची राखण केली. पोळ्यापर्यंत चारी गावं कबूल झाली. अट एकच राहिली, आणि ती चौघांचीही तीच. उताराला लागून दादांची वाडी. राखणीला बसायचं ते त्यांच्या मळ्यात, वाडीतले गडी सगळ्यांत दणकट, आणि पंचक्रोशीतली एकुलती एक परवान्याची बंदूक दादांची. लोक म्हणाले, तुमचे दादा येणार असतील तर आम्ही आलोच म्हणून समजा.

आता यात अवघड काय होतं? बांध ओलांडायचा आणि बोलायचं. पण आतोबांनी जमादारांना धाडलं, भटजींना धाडलं, पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या देऊन मला धाडलं. दादांनी माझ्यासमोर दोन पोळ्या खाल्ल्या, हात धुतले आणि म्हणाले, "पोरी, त्याला म्हनावं, मानसं कवाची तयार हायेत. त्यानं यावं, दादा म्हनावं, आन् तोंडानं मागावं. दुसरं काय नगं." मी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. आतोबांनी त्यावर विचारलं, पोळी आवडली का त्यांना? खोकला कमी दिसला का? दुसऱ्या दिवशी ते बांधाशी बैल चारायला नेऊन मोठ्यानं बैलाला सांगू लागले, "सर्जा, नदीकडच्या वाडीत लई मर्द गडी हायेत म्हनं." पलीकडून दादांचा आवाज आला, तोही त्यांच्या बैलाशी बोलणारा, "राजा, ज्याला गडी पायजेत त्यानं मानसाशी बोलावं." मला वाटतं, इतक्या वर्षांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. आतोबा त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

गणपतीच्या दिवसांत आपलं सैन्य निजामाच्या हद्दीत शिरल्याची बातमी आली. आकाशातून विमानं जायची आणि गाव अंगणात उभं राहून बघायचं. पळणारे रझाकार नावा करून इकडे उतरतील अशी धास्ती पसरली. जमादार घरी आले आणि ओसरीवर न बसताच म्हणाले, "पाटील, आता बैलाशी बोलून भागायचं न्हाई." आतोबांनी खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या जातो."

आत्यानं मला गुपचूप पलीकडे पिटाळलं आणि आपल्या जाऊबाईंना, म्हणजे दादांच्या बायकोला, निरोप दिला की उद्या हे येणार आहेत. सकाळी निघतो म्हणालेल्या आतोबांचा दिवस कलला तरी पाय निघेना. फेटा बांधून सोडला, पुन्हा बांधला. म्हैस उगाच दुसऱ्या दावणीला नेली. मागच्या दाराशी उभे राहून स्वतःशी म्हणताना मी ऐकलं, "दादा, मानसं द्या." पुन्हा, "दादा, मानसं पायजेत." आवाज चाचरत होता, पण शब्द सरळ होते. इतकं सरळ बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला एकदम भरून आलं. उन्हं उतरायला लागली तेव्हा कुठे ते निघाले. मी आणि आत्या बाजरीच्या कडेला उभ्या राहून बघत होतो. बांधापाशी जाऊन त्यांनी जोड्यांचा चिखल गवताला पुसला, कोटाची गुंडी लावली आणि एक पाय बांधावर ठेवला.

तेवढ्यात गावाकडून हलगी वाजायला लागली. कुणी तरी सायकलवरून नेवाशाहून रेडिओची बातमी घेऊन आलं होतं. निजाम शरण आला, लढाई संपली. पोरं ओरडत शेतांतून पळायला लागली. आम्ही दोघी आनंदानं एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो, आणि मग एकदमच दोघींना आठवण होऊन आम्ही बांधाकडे बघितलं. आतोबा तसेच उभे होते, एक पाय वर आणि एक खाली. त्यांनी गावाकडे बघितलं, वाडीकडे बघितलं, आणि हळूच तो पाय खाली घेतला. घरी येऊन त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. "बरं झालं," म्हणाले, "आता मानसं लागायची न्हाईत." त्या दिवशी सबंध गावात पेढे वाटले गेले. आतोबांनी आपला पेढा हातात धरून ठेवला होता, खाल्ला नाही.

दादा त्या दिवशी सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते, हे आम्हाला आत्याच्या जाऊबाईंकडून नंतर कळलं. वाडीतल्या गड्यांना त्यांनी रानात जाऊ दिलं नव्हतं. बंदूक पुसून शेजारी ठेवली होती. हलगीचा आवाज ऐकून सगळे गावाकडे पळाले, तरी ते दिवेलागणीपर्यंत तिथंच बसून होते. मग उठले आणि म्हणाले, "जेवायला वाढा."

मग माझं लग्न झालं, अर्थात त्या चार गावांबाहेर, आणि मी नगरला आले. दोघे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना म्हातारे झाले. दादा गेले तेव्हा मी भेटायला गेले होते. आतोबा ओसरीत बसले होते, डोक्याला फेटा नाही. मी जरा रागातच विचारलं की लढाई संपली म्हणून काय झालं, नंतर कधीही जाता आलं असतं, इतकी वर्षं होती. त्यांनी नेहमीसारखं पाऊसपाणी, गुरंढोरं काही काढलं नाही. म्हणाले, "तवा काम हुतं गं पोरी. नुसतं भेटायला कसं जायाचं?"

निजाम हरला तेव्हा नदीपलीकडच्या लाखो लोकांचा जीव भांड्यात पडला, हे मला समजतं, आणि दुसरं काही मनात आणणंही पाप आहे. पण आतोबांचा तो बांधावरचा पाय डोळ्यांपुढे आला की अजूनही वाटतं, निजामानं आणखी घटकाभर कळ काढायला हवी होती.