केदारखेड्याचे दोन पंच

"म्या कशाला अफू खाऊ, साहेब? मालकासाठी आणल्ती," ती आरोपीच्या पिंजऱ्यातून म्हणाली आणि तिची दहा वर्षं तिथंच ठरली. जालन्याच्या कोर्टातला तो दिवस मी विसरलेले नाही.

मी त्या खटल्यात साक्षीदार होते. बाईची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून मला, महिला शिपायाला, केदारखेड्याला नेलं होतं. बाजारातून परतणाऱ्या एका बाईकडे अफू असल्याची खबर होती. तिच्या चंचीत, तंबाखूच्या खाली, सुपारीएवढी गोळी निघाली. नवरा विहिरीच्या कामावर पडून कंबरेतून मोडला होता. दवाखान्याने हात टेकले होते. गोळी चाटवली की तो तासभर ओरडत नसे.

ठाण्याचे नेहमीचे पंच पंचनामा न वाचता सही करायचे. त्या दिवशी ते मिळाले नाहीत. फौजदारांनी गावातले दोन म्हातारे धरले, एक शिंपी आणि एक शेतकरी. "पंच म्हणून चला," एवढंच सांगितलं.

ठाण्यात बाई दिवसभर तोंड उघडेना. शेवटी मी म्हणाले, "खरं बोल, हलकं पडेल." आम्ही सगळ्यांनाच हे सांगत असू. तिने विकणाऱ्याचं नाव सांगितलं. आम्ही पोचायच्या आत तो पळाला. राहिली ती एकटी.

कायदा नवा होता. थोडी अफू स्वतः खायला बाळगली तर फार तर वर्षभर. दुसऱ्याला द्यायची असेल, मग तो नवरा का असेना, कमीत कमी दहा वर्षं. न्यायाधीशांनाही त्याखाली उतरता येत नव्हतं.

कोर्टात दोन्ही पंच उलटले. "चंचीत नुसती तंबाखू होती," दोघेही म्हणाले. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवलं. व्हरांड्यात मी शिंप्याला गाठलं.

"काका, सही तुमचीच ना? मग खोटं कशाला बोललात?"

"बाई, पंच म्हणून नेलं ना आम्हाला? आमच्यात पंच निवाडा करतेत. आम्ही केला. तिला सोडली."

"इथं पंच म्हणजे साक्षीदार."

"मंग तसं बोलायचं व्हतं. म्या उगंच धुतलेलं धोतर घालून आलो."

नंतर माझी साक्ष झाली. जे सापडलं ते मी सांगितलं. तरी एक वाट उरली होती. वकिलाने तिला पढवलं होतं, 'मीच खाते' म्हण. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तिने मी सुरुवातीला सांगितलेलं उत्तर दिलं. खरं बोललं की हलकं पडतं, हे तिला मीच शिकवलं होतं.

नोकरीत खोटे साक्षीदार मी पुष्कळ पाहिले. बहुतेक भीतीने किंवा लोभाने उलटतात. हे दोघे विचार करून उलटले, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. त्यानंतर कुठल्याही आरोपीला मी खरं बोल म्हणाले नाही.

नवरा सहा महिन्यांत गेला. ती पुरी दहा वर्षं काढून जिवंत परत आली.