शांत बाळाचा पाळणा

बुरूलच्या आवाजाला हद्द नव्हती. ती अंगणातून हाक मारायची आणि नदीपलीकडच्या डोंगरावरच्या घोड्या कान टवकारून खाली उतरायच्या. आम्ही दोघी एकाच वर्गात; मास्तर म्हणायचे, "बुरूल, तू कुजबुजलीस तरी खिंडीपलीकडे ऐकू जातं." ती त्यावरही खदखदून हसायची. मी साहित्य शिकायला राजधानीत, बिश्केकला गेले. ती घोड्यांचं दूध काढत राहिली, ते आंबवून रस्त्याकडेला विकू लागली, आणि लग्न होऊन चार घरं पलीकडे गेली.

तिला मुलगी झाली, आयपेरी. आमच्याकडे चाळीस दिवस बाळ कुणाला दाखवत नाहीत. ते सरल्यावर मी भेटायला गेले. जमिनीवर डुलणाऱ्या लाकडी पाळण्यात बाळ रिवाजाप्रमाणे पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं होतं. झोपलं होतं.

"रडत नाही?" मी विचारलं.

"रडायचं नाव नको," तिची सासू सेयिलकान म्हणाली. "पाजायलासुद्धा उठवावं लागतं. आईचा भोंगा नाही उचलला पोरीनं, देवाची कृपा."

"तिच्या वाटचा आवाज मीच वापरून टाकला, आपा," बुरूल म्हणाली.

ज्या पाळण्यात शांत बाळ निजलं तो पाळणा आमच्याकडे मागून नेतात. पुढचं बाळही तसंच निघतं, असं सगळे मानतात. शेजारची सून नूरझादा दिवस जायच्या आधीच नंबर लावून गेली. "दुसऱ्या कुणाला दिलास तर बघ!" सेयिलकाननं तिला शब्द दिला.

बांधलेल्या बाळाचं अंग लुळं आहे, हे कुणाला दिसणार? तोंड सुजलेलं होतं. त्याला सगळे बाळसं म्हणाले.

वर्ष होत आलं तरी आयपेरी मान धरेना. बर्फ वितळून खिंड मोकळी झाली तेव्हा बुरूल तिला घेऊन बिश्केकला आली. मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मुलीची थायरॉइडची ग्रंथी जन्मापासून काम करत नव्हती.

"जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेतला नव्हता?"

"टाचेतून? कशाला?"

"तेव्हाच कळलं असतं. रोज एक गोळी, एवढीशी. चारचौघींसारखी वाढली असती."

"मग आता द्या."

"देऊच. पण डोक्याची जी वाढ राहून गेली, ती बहुतेक भरून यायची नाही."

त्याच वर्षी त्याच शहरात माझ्या बहिणीला मुलगा झाला होता. त्याची टाच टोचली, तेव्हा उगाच रडवलं म्हणून ती नर्सवर चिडली होती. आमच्या गावच्या प्रसूतिगृहात थेंब टिपायचा कागदच येत नाही. मी तिथल्या दाईला विचारलं. "आला तरी हिवाळ्यात शहरात नेणार कोण?" ती म्हणाली. थंडी पडली आहे असं सांगावं, तसं म्हणाली.

आता आयपेरी तिसऱ्या वर्षात आहे. टेकू दिला तर बसते. बुरूल गोळी कुस्करून दुधातून पाजते आणि मग तिच्या मागे जाऊन हाक मारते. आयपेरी वळत नाही. बुरूल रोज हाक मारते.

परवा नूरझादा पाळणा मागायला आली. तिचे दिवस भरत आले होते.

"पाळणा नंतर," बुरूल म्हणाली. "खिंड बंद व्हायच्या आत शहरात जा. तिथं बाळंत हो. टाच टोचून घे बाळाची."

"आणि मेंढ्या कोण बघणार? तुझा बाप?"

"नूरझादा, ऐक माझं."

"मुलगी आजारी, पाळणा थोडाच आजारी! तुझं नशीब फुटलं म्हणून माझ्या पोटातल्याला दृष्ट लावू नकोस."

"दे गं सूनबाई," सेयिलकान आतून म्हणाली. "शब्द दिलाय."

बुरूल खाली बसली. पाळण्याच्या पट्ट्या तिनं सोडल्या आणि खिशात कोंबल्या. "ने. पण बाळाला बांधू नकोस. रडतंय का बघ."

"पट्ट्या आहेत माझ्याकडे," नूरझादा हसली. पाळणा कडेवर घेऊन ती निघाली. खिंडीवर सकाळपासून बर्फ पडत होतं.

बुरूल दारात उभी राहिली आणि तिनं नूरझादाला हाक मारली. मी शेजारीच होते, तरी मला ती जेमतेम ऐकू आली.