ड्रायरमधली पोटली

आमच्या लाँड्रीत दोन गोष्टी रोज साठतात. ड्रायरच्या जाळीत कापडाचा भुसा आणि माझ्या डोक्यात किस्से. भुसा संध्याकाळी काढून टाकता येतो. किस्से मात्र कुणाला तरी सांगूनच टाकावे लागतात, आणि मला तर निमित्तच हवं असतं!

लाँड्री नेरूळची, शिरवणे गावाच्या अगदी तोंडाशी. मालकीण मॅडम आठवड्यातून एकदा डोकावतात, बाकी आम्ही तिघं. काउंटरवर मी. इस्त्रीवर पवार, साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. तो बोलायला लागला की इस्त्री थांबते. आणि ड्रायरवर ताराकाकू. काकू शिरवण्याच्याच, आगरी, साठीला आलेल्या. त्यांचा एकुलता एक महेश सात वर्षं कॅनडात आहे. लग्न तिकडे, मुलगी तिकडे. तीन वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा एकटाच आला, दहा दिवस राहिला आणि गेला. नात तनू आता चार वर्षांची, पण काकूंनी तिला पाहिली ती फोनवरच.

*

एका गिऱ्हाईकानं अमेरिकेहून येताना आमच्यासाठी एक खोका आणला. ड्रायर शीट्स! कागदासारखे पातळ, सुगंधी रुमाल. कपड्यांबरोबर एक टाकायचा, की कपडे मऊ होतात आणि अंगाला चिकटत नाहीत.

मी खोका फोडला. तिकडे काकूंनी झटकन मान वर केली. "कोन आलं?"

"कुणी नाही, काकू."

काकू उठल्या, खोक्याशी आल्या, वाकून वास घेतला आणि चपला घालून घरी गेल्या. पाच मिनिटांत परत. हातात घट्ट गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. आत महेशचा टी-शर्ट होता. तो मागच्या खेपेला विसरून गेलेला, तीन वर्षं न धुता जपलेला. फार आठवण आली की काकू गाठ सोडायच्या, एकदाच वास घ्यायच्या, पुन्हा गाठ मारायच्या.

एका हातात टी-शर्ट, दुसऱ्या हातात तो रुमाल. वास एकच!

"म्हंजे माजे पोराचा वास खोक्यात मिलतो?"

मला आधी हसू आलं, पण काकूंचा चेहरा पाहून मी खोका काउंटरखाली सरकवला. पवारनं इस्त्री बाजूला ठेवली.

काकूंनी मात्र त्या दिवसापासून त्या रुमालांवर दात धरला. जो येईल त्या गिऱ्हाईकाला सांगायच्या, "केमिकल हाय ते, अंगाला वाईट. आमी घरचं बनवनार!" घरचं म्हणजे नक्की काय, हे काकूंनाही माहीत नव्हतं.

*

मग मी मोबाइलवर व्हिडिओ शोधले. एक बाई सांगत होती, रुमाल व्हिनेगरमध्ये भिजवा, पिळा, ड्रायरमध्ये टाका. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, म्हणून काकूंना फोन केला. नेमका व्हिनेगर शब्दच आठवेना. म्हटलं, "काहीतरी आंबट घ्या, त्यात रुमाल भिजवा आणि टाका कपड्यांत."

काकूंच्या घरी आंबट म्हणजे चिंच नाहीतर कोकम. चिंच चिकटते, एवढं काकूंना कळत होतं. म्हणून त्यांनी कोकमाचं आगळ घेतलं! कोपऱ्यावरच्या डेंटिस्टचे सहा पांढरे कोट ड्रायरमधून गुलाबी होऊन बाहेर आले.

"काकू, अहो हे काय!"

"तू आंबट बोललीस. रंगाचं काय बोललीस नाय."

मी माफी मागायला दवाखान्यात गेले. डॉक्टर गुलाबी कोट घालूनच उभे. म्हणाले, "राहू द्या. आज पहिल्यांदा एक मुलगा न रडता खुर्चीत बसला."

*

पुढचा शोध पवारचा. व्हिडिओत लोकरीचे गोळे दाखवत होते. ते कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये आपटत राहतात आणि कपडे मऊ करतात. पवार उसळला. "आवं ताई, लोकर काय इकत घ्यायची? आमच्याकडं मेंढरं काय कमी हायती?"

गावाहून तो पिशवीभर लोकर घेऊन आला. मी सूत गुंडाळावं तशी ती गुंडाळली, जुन्या मोज्यात कोंबली, गरम पाण्यात फिरवली. चेंडूसारखे घट्ट गोळे झाले. आम्ही तिघंही खूश. फक्त लोकर आधी साबणानं धुवायची असते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महाप्याच्या आयटीतला एक मुलगा शर्ट घेऊन तणतणत आला. "मॅडम, सोसायटीतली सगळी कुत्री माझ्या मागे लागलीत!"

मी पवारला झापायला वळले. तो ड्रायरच्या दारात तोंड घालून, डोळे मिटून उभा होता.

"गावी गेल्यागत वाटलं ओ," म्हणाला. मग मला झापवेना.

*

लोकर धुतली. काकूंनी ओले गोळे घरी नेऊन गच्चीवर वाळत घातले. शेजारी काय वाळत होतं? बोंबील!

त्या आठवड्यात आमच्याकडे तक्रारींची रांग लागली. एका शाकाहारी आजींनी तर चादरी घरात घेतल्याच नाहीत, जिन्यात ठेवून फोन केला. काकू बिचाऱ्या तोंड लपवून बसल्या होत्या.

शेवटी एक नर्स आली, हर्णै बंदरावरची, इथे तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. युनिफॉर्मची पिशवी काउंटरवर ठेवली आणि घुटमळली. मी आधीच म्हटलं, "सॉरी हं, पुन्हा धुऊन देते."

"नको, नको," ती हळूच म्हणाली. "युनिफॉर्म द्या धुऊन. पण माझी उशीची खोळ आहे ना, तिला तोच वास परत देता येईल का?"

काकूंनी तिची खोळ वेगळी काढली आणि तिला संध्याकाळी जेवायला घरी बोलावलं.

*

शेवटी जमलं ते बकुळीनं. नेरूळच्या रस्त्यांवर बकुळीची झाडं आहेत, सकाळी खाली फुलांचा सडा असतो. बकुळ वाळली तरी तिचा वास जात नाही. काकू फुलं वेचून वाळवायच्या, त्यात वाळ्याच्या मुळ्या घालायच्या आणि मलमलच्या तुकड्यात पोटली शिवायच्या. दोन लोकरीचे गोळे, एक पोटली, मंद आच, शेवटची दहा मिनिटं. कपडे असे निघायचे की गिऱ्हाईक काउंटरवरच घडी उलगडून नाकाला लावायचं. काकूंच्या हातांना, पदराला, सगळ्यालाच तो वास लागला.

पहिल्या चांगल्या पोटल्या मात्र गिऱ्हाइकांना मिळाल्याच नाहीत. महेशचा मित्र कॅनडाला निघाला होता, त्याच्या बॅगेत काकूंनी सहा गोळे आणि डझनभर पोटल्या कोंबल्या. तो म्हणाला, "काकी, हे काय म्हणून सांगू?"

"सांग, आयशीनं लाडू दिलेत!"

नंतर दर रविवारी लाँड्रीतून स्पीकरवर फोन. आम्हाला तो पाठच झाला होता.

"जेवलास का रे?"

"हो गं आई, जेवलो."

"पोटली वापरतंस ना?"

"हो गं आई, वापरतो."

दोन्ही उत्तरं एकाच सुरात. पहिलं खोटं असतं, हे काकूंना माहीत होतं. तिकडे तेव्हा सकाळचे सात वाजलेले असायचे, एवढ्या सकाळी कोण जेवतं? दुसऱ्याचं काय समजायचं, तेच कळत नव्हतं. मग तनूला हाक मारली जायची आणि तनू सोफ्यामागे लपायची.

"चार वर्सं मी सोफ्याशीच बोलतंय," काकू फोन ठेवून म्हणायच्या. आम्ही हसायचो. काकूही हसायच्या, पण नंतर बराच वेळ जाळी साफ करत बसायच्या, भुसा नसला तरी.

*

गेल्या महिन्यात महेश बायको-मुलीला घेऊन आला. त्याआधी आठवडाभर काकूंनी मला भंडावून सोडलं होतं. कुठल्या रंगाच्या लुगड्याला पोरं घाबरत नाहीत? मी म्हटलं, डेंटिस्टला विचारा!

"मस्करी नको करू. मना बघून रडली तर? परक्या बाईसारखी बघली तर मी काय करू गो?"

ते आले त्या दुपारी मी आणि पवार शिरवण्याला काकूंच्या घरी गेलो. तनू महेशच्या पायामागे, त्याची पँट मुठीत धरून. तिच्या आईनं समजावलं, मी चॉकलेट दाखवलं, पवारनं मेंढराचा आवाज काढला. ती आणखीच मागे सरकली. काकूंनी एकदाही हाक मारली नाही. ओटीवर बसून त्या पोटली शिवत होत्या. सुई दोनदा बोटात गेली, मी पाहिलं.

थोड्या वेळानं सगळे आपापल्या बोलण्यात गुंतले. तनूनं पँट सोडली. एक पाऊल, मग दुसरं. ओटीपाशी येऊन तिनं काकूंचा पदर चिमटीत धरला, नाकाला लावला आणि डोळे मिटले. काकू सुई हातात धरून तशाच बसल्या होत्या.

"पप्पा," तनू ओरडली, "माझ्या ब्लँकेटचा वास!"

काकूंनी महेशकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"जेवलास का रे?" काकूंनी विचारलं.

"नाही गं आई," महेश म्हणाला. "भूक लागलीय."