नवऱ्याचा एक्स-रे आणि राणी

मैत्रिणींनो, आज मी एका पाखरावर जाम जळले. हसू नका, आधी ऐका.

राणी म्हणजे नवऱ्याची लाडकी कॉकाटील, पिवळ्या तुऱ्याची छोटी पोपटीण. नवरा चपातीचा तुकडा ओठांत धरतो आणि ती खांद्यावर बसून चोचीने तो घेते. रोज, माझ्यासमोर! मी लग्नाच्या वाढदिवसाला केक भरवायला गेले, तर म्हणाला, "अगं, चारचौघांत काय!"

आठवडाभर ताप आणि कोरडा खोकला, म्हणून आज त्याला मानपाड्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे बघितला. उजव्या फुप्फुसात खाली पांढरा डाग.

"घरी पक्षी आहे का?"

नवरा खोकायला लागला. मीच सगळं सांगितलं, अगदी ओठांतल्या चपातीसकट.

"नुसत्या एक्स-रेवरून सांगता येत नाही, पण पक्ष्यांकडूनही असा न्यूमोनिया होतो. रक्त तपासू, औषध आजच सुरू करू. तिलाही पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा. वहिनी, तुम्हाला काही त्रास?"

"मला कसला? इतक्या जवळ मला येऊ देतंय कोण!"

त्याला ॲडमिट केलं. सलाईन लागल्यावर त्याने माझा हात घट्ट धरला. माझे डोळेच भरून आले, सगळा राग गेला.

"ऐक ना," तो धापा टाकत म्हणाला, "राणी सकाळपासून उपाशी असेल गं."

आता घरी येऊन, मास्क लावून तिला दाणे घातलेत. सकाळपासून मीही उपाशीच आहे. तुमच्या घरी तुम्हाला कोणी विचारतं का गं?