ताट रिकामं करण्याचा नियम

शिस्तीचं मला फार कौतुक. ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला ते असतंच. बाबा वीज केंद्रात होते आणि पंचवीस वर्षांत एकदाही ड्यूटीवर उशिरा गेले नाहीत, हे आमच्या घरी पाहुण्यांना चहाबरोबर सांगितलं जायचं. शाळेत एकदा मोजा घसरला म्हणून मला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. रडत घरी आले तर बाबा म्हणाले, "बरं झालं. उद्या रबर लावून जाशील." मी दुसऱ्या दिवशी रबर लावून गेले. पुन्हा मोजा घसरला नाही. शिक्षेचा उपयोग होतो, हे माझ्या पोटरीवरचा वळ बघून मला पटलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एटापल्लीच्या पुढं, जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. मुलींचं वसतिगृहही माझ्याकडेच आलं. मी आल्याआल्या नियम केले. त्यातला मला सगळ्यात आवडणारा असा: ताटात वाढलेलं टाकायचं नाही, आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. माझ्या आईनं लहानपणी उपाशी दिवस काढले होते. जमिनीवर सांडलेलं शीतही ती वेचून घ्यायची. तेव्हा हा नियम वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही.

एप्रिलात, वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी, आमची नेहमीची स्वयंपाकीण नातेवाइकाच्या लग्नाला गेली होती. बदली आलेल्या बाईनं डाळीत कैरी घातली. मला तर बरं वाटलं, रोजच्या पाणीदार डाळीला चव आली. सगळ्या मुली जेवून उठल्या. सातवीतली एक मात्र ताटासमोर तशीच बसून होती. वर्गात पहिली येणारी, नर्स व्हायचं म्हणणारी, कधी उलट न बोलणारी पोर. तिनं कोरडा भात खाल्ला होता, डाळीला बोटही लावलं नव्हतं.

"काऊन नाई खाऊन राह्यली?" मी विचारलं.

"आमच्या गावात पंडुम नाई झाला, बाई."

पंडुम म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. पण मी ठरवून टाकलं की हा बहाणा आहे, आणि एकदा माझं ठरलं की माझं डोकं पुढं चालत नाही. मी तिला तिथेच बसवून ठेवलं. दुपार गेली. मुली कपडे धुऊन आल्या, अभ्यासाला बसल्या. ती बसलेलीच. डाळीवर साय धरली. मी तीनदा जाऊन आले, आणि दर खेपेला तिच्या गप्प बसण्यानं माझा पारा चढत गेला. शेवटी म्हणाले, "नाई खाशीन तर उद्या पेपरले बसू नको."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाटी उचलून एका दमात पिऊन टाकली. मग ताट घासून जागेवर ठेवलं. मी जिंकले होते. रात्री मला छान झोप लागली, हे लिहिताना लाज वाटते, पण लागली.

स्वयंपाकीण परत आल्यावर सहज बोलता बोलता मी तिला हे सांगितलं. तीही त्या पोरीसारखीच माडिया आदिवासी. तिनं हातातलं काम थांबवलं. "बाई, हे काय केलं? नवा आंबा पहिले देवाले देतेत. गावात त्याचा पंडुम, म्हणजे सण झाल्याबिगर कोणी तोंडात नाई घालत. गावागावाचा दिवस अलग असते. अन् तिचा बाप तर गावचा पुजारी हाय."

तोवर परीक्षा संपून मुली घरी गेल्या होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली. ती पोर आली नाही. आठवडाभर वाट बघितली. भामरागडकडचं गाव, नाले भरले की रस्ता बंद, म्हणून पाऊस धरायच्या आत मी स्वयंपाकिणीला घेऊन निघाले. अर्धी वाट बसनं, अर्धी पायी. रस्ताभर मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. त्यात शिक्षणाचं महत्त्व बरंच होतं आणि माझी चूक थोडीच होती.

पोरीनं घरी गेल्यागेल्या बापाला खरं सांगून टाकलं होतं. गाव न्यायाला बसलं होतं, पण निकाल अडून राहिला होता. म्हाताऱ्यांचं म्हणणं असं की नियम मोडला खरा, पण मोडला कोणी? खाणारीनं की खायला लावणारीनं? मी समोर आल्यावर त्यांनी मलाच विचारलं. स्वयंपाकीण गोंडीतलं मराठीत सांगत होती. कोणी आवाज चढवला नाही. तरी माझं पाठ केलेलं सगळं विसरलं आणि मी म्हणाले, "मी खायला लावलं. तिनं कारण सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

तेवढ्यावर निकाल लागला. मी एक कोंबडा द्यायचा. तो मी तिथल्याच एका घरून घेतला. पुजाऱ्यानं, म्हणजे तिच्या बापानं, झाडाखाली पूजा केली, आणि मग मला मधे बसवून सगळ्यांनी जेवण केलं. आता हा विषय कोणी काढायचा नाही, असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं. कोणी काढलाही नाही. मला उन्हात उभं केलं नाही, उपाशी बसवलं नाही. उलट पानात सगळ्यांच्या आधी मला वाढलं. इतकी हलकी शिक्षा मला जन्मात झाली नव्हती, आणि कुठलीच इतकी लागलीही नव्हती.

निघताना ती पोर वेशीपर्यंत पोचवायला आली. मी म्हटलं, "चाल ना माह्यासंग. पुस्तकं ठेवली हायेत तुह्यी." हात जोडायचीही माझी तयारी होती.

"नाई, बाई," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "त्या दिवशी पेपरसाठी खाल्लं मी. आता पुस्तक उघडलं का तोंडात तीच डाळ येते."

तिचा बाप मागे उभा होता. त्याला मराठी कळत होतं. तो तिला घेऊन गावाकडे वळला. गावानं मला माफ केलं होतं. तिनंही माफ करावं अशी सक्ती तिच्यावर कोणी केली नाही, आणि ती सातवीच्या पुढं शिकली नाही.